पक्ष्यांच्या नावानं चांगभलं

काही शब्द जाहिरातीत शिरले की समजावं, त्यांची रया गेली. ‘घरगुती’ हा एक, ‘पारंपरिक’ हा दुसरा. आता आमच्या मावळात तिसरा आलाय: ‘बर्ड फ्रेंडली गार्डन’. म्हणजे पक्ष्यांना आवडेल अशी बाग. बंगल्याबरोबर पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस आणि पक्षी. जणू पक्षीसुद्धा बिल्डरच पुरवणार, ताबा देतेवेळी किल्लीबरोबर!

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांची सवय असते, आणि पाहुण्यांच्या फोनांचीही. हल्ली त्यात एक नवीन फोन असतो. मावळात प्लॉट घेऊन सुट्टीसाठी घर बांधलेले नातेवाईक विचारतात, "आम्हाला पक्ष्यांसाठी बाग करायचीय गं. फीडर कुठला चांगला? ती लाकडी घरटी कुठे मिळतात? किती टांगू?" फोनवर मी गोड बोलते. (नातेवाईक आहेत, शेवटी!) इथे मात्र मनातलं लिहिते. रागावू नका, आणि रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा.

तुंगार्लीपासून पवनेच्या धरणापर्यंत कुठेही हिंडा, चित्र तेच. आधी जेसीबी येतो. करवंदाच्या जाळ्या, धायटी, दिंडा, मुरुडशेंग, सगळं ‘झाडोरा’ म्हणून एका दिवसात निघतं. मुरूम टाकून जमीन सपाट होते. मग ट्रकमधून लाल माती येते, तिच्यावर गालिच्यासारखं कार्पेट लॉन, कडेने अरेका पाम, फाटकाशी जय-विजयासारखे दोन रॉयल पाम, आणि कुंपणाला पिवळा ड्युरांटा, दर पंधरा दिवसांनी कात्रीने चौकोनी केलेला. एवढं सगळं झाल्यावर व्हरांड्याच्या खांबाला एक रंगीत लाकडी घरटं टांगलं जातं. झाली पक्ष्यांची सोय!

करवंदाची जाळी उपटायची आणि तिच्या जागी करवंदाच्या लोणच्याची बरणी ठेवायची, तसं हे आहे.

माझं म्हणणं साधं आहे. पक्ष्यांसाठी विकत काही आणायचं नसतं. जे आहे ते काढून टाकणं आधी थांबवायचं असतं. आणि हे न करता जो फीडर टांगतो, तो पक्ष्यांसाठी काही करत नाही, स्वतःच्या मनाची समजूत काढतो.

आता हे जरा तपशिलात सांगते.

आपल्या लोकांनी पक्ष्यांना नावं कशी दिली आहेत बघा. शिंपी, तांबट, सुतार, परीट, कोतवाल, शिपाई बुलबुल. हे तर बारा बलुतेदारांचं गावच झालं! मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ उघडला की अशी नावं पानोपानी भेटतात. ही नावं दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्यांनी दिलेली नाहीत. परसात, बांधावर, पाणवठ्यावर रोज पक्षी दिसायचे, त्यांचे उद्योग दिसायचे, म्हणून ती पडली. आणि ज्याचा उद्योग आहे त्याला हत्यार लागतं, कच्चा माल लागतो.

शिंपी पानं शिवून घरटं करतो. त्याला हवं रुंद, लवचिक पान, आणि शिवायला कापूस, तंतू, कोळ्याचं जाळं. अरेका पामच्या झिरमिळ्यांचं तो काय शिवणार? तांबट वाळक्या, मऊ झालेल्या फांदीत बीळ कोरतो, पांगाऱ्याच्या किंवा शेवग्याच्या. आपण वाळकी फांदी दिसली की माळ्याला हाक मारतो. सुताराला जुन्या झाडाची खडबडीत साल हवी, कारण त्याचं ताट त्या सालीच्या फटींत वाढलेलं असतं. सातभाई पाचोळा उलटापालटा करून किडे शोधतात, आपण रोज सकाळी ब्लोअर लावून पाचोळा उडवतो आणि गोणीत भरतो. शिंजीर, चष्मेवाला, नाचण, सुभग हे सगळे घरट्यासाठी कोळ्याच्या जाळ्याचा धागा वापरतात. आणि आपण काय करतो? बंगल्याच्या देखभालीच्या करारात ‘जाळी-जळमटं काढणे’ हे कलमच असतं.

यातला एकही पक्षी आपल्या रंगीत लाकडी घरट्यात जाणार नाही. त्या खोक्यात जातात ते मुळात भोकात, ढोलीत घरटं करणारे: चिमणी, दयाळ, असे मोजके. बाकी सगळं गाव आपण बलुत्यासकट उठवलेलं असतं.

तरी घर हा नंतरचा प्रश्न झाला. पहिला प्रश्न पोटाचा, आणि तोही पिल्लांच्या पोटाचा. आपल्याला वाटतं पक्षी म्हणजे दाणे. पण चिमणी, सुगरण यांच्यासारखे दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्या भरवतात. फुलातला मध पिणारा शिंजीर पिल्लांना कोळी आणि किडे आणून देतो. लहान बाळाला आपण चकली देत नाही, तसंच. म्हणजे ज्या बागेत अळी नाही त्या बागेत पिल्लू नाही. दाण्यांचा फीडर भरून ठेवला तरी नाही.

आणि अळी काही कुठल्याही पानावर वाढत नाही. लिंबावर, कढीपत्त्यावर जी अळी वाढते ती रुईवर मरेल, रुईवरची लिंबावर मरेल. हजारो वर्षांत ही पानं आणि हे किडे यांची सोयरीक जुळली आहे. परदेशातून आलेल्या शोभेच्या झाडाशी इथल्या किड्यांची ओळखच नाही. नर्सरीवाले ज्याला कौतुकाने ‘याला कीड लागत नाही हो’ म्हणतात, त्याचा पक्ष्यांच्या भाषेतला अर्थ ‘या हॉटेलात जेवण मिळत नाही’ असा आहे.

अमेरिकेत यावर फार नेटकं काम झालंय (आमच्या तिकडच्या भाच्यांनी ऐकावं). तिथे चिकाडी नावाचा चिमणीहून लहान पक्षी आहे. त्याच्या एका वेळच्या पिल्लांना उडण्याजोगं करायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात, असं डग्लस टॅलमी हे कीटकशास्त्रज्ञ सांगतात. २०१८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टन परिसरातल्या घरांच्या अंगणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंगणातल्या एकूण झाडोऱ्यात देशी झाडांचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला, की तिथे चिकाडीची संख्या टिकत नाही, असं त्यात दिसलं. पक्षी दिसतो, घरटंही करतो, पण पुढची पिढी पुरेशी उभी राहत नाही. हा आकडा लोणावळ्याला जसाच्या तसा चिकटवायला नको. आपली झाडं वेगळी, पक्षी वेगळे. पण पक्षी दिसणं आणि पक्षी टिकणं यात फरक आहे, ही गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलायला हवी.

आपल्याकडचंही सांगते. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. त्यातल्या ३३८ जातींच्या बाबतीत लांब पल्ल्याचा कल सांगता आला, आणि त्यापैकी ६० टक्के जाती कमी झालेल्या निघाल्या. त्यात खाण्यानुसार पाहिलं तर किडे खाणाऱ्यांची घट मोठी आहे. फळं आणि मध यांवर जगणारे त्यामानाने बरे आहेत. आणि कबुतर? त्याचं उत्तम चाललंय!

म्हणून "आमच्याकडे तर बुलबुल येतात की!" हे ऐकलं की मला काय बोलावं कळत नाही. येतात ना. बुलबुल ड्युरांटाची फळं खातो, घाणेरीचीही खातो, आणि घाणेरीच्या बिया डोंगरभर पेरतो. सिल्व्हर ओक फुलला की त्यावर शिंजीर नाचतात, मीही पाहते, छानच दिसतं. पण बुलबुल येणं ही परीक्षा पस्तीस मार्कांची आहे. बुलबुल, साळुंकी, कावळा, कबुतर हे कुठेही जमवून घेतात. कुणाकुणाचं येणं बंद झालं, हे विचारा. स्वर्गीय नर्तक शेवटचा कधी दिसला? पावसाळ्याच्या तोंडावर नवरंगाची शीळ ऐकू येते का?

दाणे टाकण्याबद्दल जरा स्पष्ट लिहिते. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढं रण पेटलं, ते सगळ्यांनी वाचलंय. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. श्रद्धेचा भाग मी बाजूला ठेवते. पण पोत्याने धान्य ओतणं हे पक्षीप्रेम आहे, या समजुतीला मात्र माझा ठाम विरोध आहे. एकाच जातीला फुकट जेवू घालायचं, ती वाढली की तिने बाकीच्यांच्या जागा बळकवायच्या, आणि आपण पुण्य मोजायचं! मावळातल्या बंगल्यांवर मूठभर ज्वारी रोज टाकली की होले येतात, हे खरं. पण त्यांच्याबरोबर उंदीरही येतात. आणि उंदरांमागून कोण येतं, ते सांगायला नकोच.

त्यावरून आठवलं. देशी झाडोरा ठेवा म्हटलं की पहिला आक्षेप हाच येतो, "साप निघतील त्याचं काय?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. मावळात घोणस आहे, नाग आहे, मण्यार आहे, फुरसं आहे, आणि लोणावळ्याच्या झाडीत हिरवा चापडाही आहे. ज्यांच्या घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं आहेत त्यांना भीती वाटणारच. पण त्याला उत्तर आहे, आणि ते लॉन नाही. घराभोवतीची दहा-बारा फुटांची पट्टी स्वच्छ ठेवा. येण्याजाण्याच्या वाटेवर फरशी असू दे. रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी, पायात बूट. विटांचे, लाकडांचे ढीग भिंतीला टेकवून ठेवू नका. दाट झाडोरा ठेवायचा तो कुंपणाच्या कडेला. आणि धान्य उघड्यावर टाकू नका, म्हणजे उंदरांना आमंत्रण जाणार नाही. साप येतो तो बहुतेक वेळा पोटाच्या मागे येतो. लॉनच्या मधोमध दाण्यांचा फीडर टांगणाऱ्याने सापाची भीती सांगू नये.

दुसरा आक्षेप डासांचा. पाण्याचं भांडं ठेवलं की डेंग्यू होईल. भांड्यातलं पाणी दर दोन दिवसांनी ओतून, भांडं घासून पुन्हा भरलं तर डासाला वाढायला वेळच मिळत नाही. अंड्यापासून डास उडायला आठवडाभर तरी लागतो. तुंबलेली गच्ची आणि मोकळ्या कुंड्यांखालच्या ताटल्या आधी पाहा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून पाणी कशाला ठेवायचं असंही विचारतात. अहो, तो पडतो चार महिने! एप्रिल-मेमध्ये ओढे कोरडे असतात. तेव्हा दोन-तीन इंच खोल, पसरट, खडबडीत बुडाचं भांडं आणि त्यात बसायला एक दगड, एवढं ठेवलंत तर दाण्यांच्या शंभर फीडरांपेक्षा जास्त पक्षी पाहाल.

तिसरा आक्षेप लोकांचा. "शेजारी काय म्हणतील?" हा सगळ्यात प्रामाणिक आक्षेप आहे. आमच्या ओळखीतल्या एका घराला त्यांच्या बंगल्यांच्या सोसायटीकडून पत्र आलं होतं, की आपल्या आवारातलं गवत वाढल्यामुळे परिसराच्या सौंदर्यास बाधा येते. गवत होतं गुडघाभर, आणि त्यावर मुनियांचा थवा उतरलेला! सौंदर्य म्हणजे नक्की काय, हे कुणी ठरवलं? साहेबाच्या देशात वर्षभर भुरभुर पाऊस, तिथे लॉन आपोआप हिरवं राहतं. आपल्याकडे चार महिने धो धो आणि आठ महिने ठणठणाट. त्या लॉनला उन्हाळ्यात रोज पाणी पाजायचं. त्याच वेळी डोंगरावरच्या वाडीत बायका हंडे घेऊन चालत असतात, हे फाटकाबाहेर पाहिलं तरी दिसतं.

इथे मला ‘परस’ या शब्दाची आठवण येते. बाग घराच्या मागे असायची. मोरीचं पाणी केळीला आणि अळूला जायचं. कढीपत्ता, लिंबू, शेवगा, जास्वंद, एखादा पेरू. कुणाला दाखवण्यासाठी ती नसायची, म्हणून तिच्यात थोडा पसारा चालायचा. पालापाचोळा एका कोपऱ्यात कुजायचा, आणि त्या कोपऱ्यात दयाळ उड्या मारत असायचा. कढीपत्त्यावर फुलपाखराची अळी, अळीवर शिंपी, असा सगळा कारभार कुणी न ठरवता चालायचा. मग बाग मागून पुढे आली. पुढे आली तशी ती दिवाणखान्यासारखी झाली, पाहुण्यांसाठी. दिवाणखान्यात पक्षी कसे राहतील?

पुण्यात बुधवार पेठेत डॉ. हेमा साने राहत असत, गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या. आयुष्यभर त्यांनी घरात वीज घेतली नाही, याबद्दल पुष्कळ छापून आलंय. मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांचं आवार. भर शहरात, गर्दीच्या पेठेत, जुन्या घराभोवती वाढू दिलेली झाडं, आणि त्यात पक्षी, मांजरं, मुंगसं. तेवढी साधी राहणी आपल्याला जमणार नाही, मलाही जमणार नाही. पण पेठेत जे होतं ते दहा गुंठ्यांच्या प्लॉटवर होत नाही, असं म्हणायला तोंड कुठे उरतं?

आणखी एक गोष्ट मला टोचते. या बंगल्यांमध्ये माळीकाम करणारे बहुतेक जण आसपासच्या गावांतले असतात. त्यांना करवंद माहीत असतं, तोरण, अळू, गेळा, कुंभा, शेंद्री, अंजनी माहीत असतं. कुठलं फळ कुठल्या महिन्यात पिकतं आणि ते कोण खातं, तेही. ज्याच्याकडे हे ज्ञान आहे त्यालाच आपण पगार देतो ड्युरांटा चौकोनी कापायला आणि करवंद उपटायला! मी काही गावाचं सगळं सोनेरी रंगवत नाही. मावळातल्या डोंगरांवर उन्हाळ्यात वणवे लावणारे हात परदेशातून येत नाहीत, आणि पोरांच्या हातात बेचकी असते हेही खरं. पण भाताच्या बांधावर उंबर, हिरडा, जांभूळ राखणारेही हेच लोक. देवाच्या नावाने राखलेल्या देवराया त्यांच्याच. माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलं, तेव्हा कुठे आपल्या शिकलेल्यांना कळलं की न तोडणं हेही एक काम असतं.

आणि ‘पडीक’ हा शब्द! करवंदाच्या जाळ्या, गवत आणि मधूनमधून पळस अशी जमीन असली की सातबाऱ्यावर आणि आपल्या डोक्यात ती पडीक. पक्ष्यांच्या हिशेबी ती बागायत आहे. मावळातली अशी जमीन गुंठ्या-गुंठ्याने कुंपणात जाते आहे. एक्स्प्रेस-वे २००२ मध्ये पूर्ण झाला आणि मुंबई दोन तासांवर आली, तेव्हापासून हा वेग पाहण्यासारखा आहे. (मी त्याच रस्त्याने माहेरी जाते, तेव्हा रस्त्याला शिव्या देत नाही.) म्हणून तर कुंपणाच्या आत काय होतं, हे आता खाजगी राहिलेलं नाही. डोंगराचा जो भाग पूर्वी गुरांचा, पाखरांचा आणि वाटसरूंचा होता, त्याच्या चाव्या आता तुमच्या-माझ्यासारख्यांच्या खिशात आहेत.

दोन गोष्टी, ज्यांबद्दल जाहिरात कधीच बोलत नाही. पहिली काच. दरीकडे तोंड करून छतापर्यंत काच लावायची फॅशन आहे. तिच्यात आभाळ आणि झाडं दिसतात, पक्ष्याला ती खरी वाटतात, आणि तो आदळतो. अमेरिकेत काचांवर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांचा २०१४ मधला अंदाज वर्षाला ३६ कोटींपासून ९९ कोटींपर्यंत होता. उपाय स्वस्त आहे: काचेवर बाहेरच्या बाजूने दर दोन इंचांवर ठिपके. घारीचं एकच स्टिकर लावून काही होत नाही. दुसरी गोष्ट विष. लॉनला वाळवी लागली की क्लोरपायरीफॉस, उंदीर झाले की ब्रोमाडिओलोनच्या वड्या. तो उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस अर्धमेला हिंडतो, आणि नेमका तोच गव्हाणी घुबडाच्या हाती लागतो. उंदीर मारायला देवाने दिलेला कारागीर आपण उंदराच्याच पोटातून मारतो.

तर मग करायचं काय? नुसती टीका करून सोडलं तर जाऊबाई म्हणतील, "हिचं नेहमीचंच!" म्हणून हे घ्या.

नवीन प्लॉट असेल तर जेसीबी येण्यापूर्वी गावातल्या एका जाणत्या माणसाला बरोबर घेऊन फिरा आणि काय काय आहे ते विचारा. घर आणि रस्ता एवढीच जागा साफ करा. निदान चौथा हिस्सा कुंपणाच्या कडेने जसा आहे तसा सोडा. त्यातली घाणेरी आणि रानमोडी तेवढी उपटत राहा, ती पाहुणी नाहीत, घुसखोर आहेत.

आधीच लॉन झालं असेल तर एका पावसाळ्यात अर्धं मोडा. झाडं निवडताना जागा बघा. लोणावळ्याचा पाऊस तळेगावपर्यंत येता येता कितीतरी कमी होतो. त्यामुळे लोणावळ्याकडे अंजनी, जांभूळ, हिरडा जमतील, तर तळेगावकडे पळस, बोर, धामण. आणि वर्षभराचं ताट मांडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये मधासाठी पांगारा, काटेसावर, पळस, धायटी. एप्रिल-मेमध्ये फळांसाठी करवंद, तोरण, जांभूळ. पावसाळ्यात मुरुडशेंगेची लाल फुलं, त्यावर शिंजीर येतातच. दिवाळीच्या सुमाराला गवताचं बी, मुनियांसाठी. जागा मोठी असेल आणि घरापासून लांब असेल तर एक उंबर लावाच. आपला राज्यपक्षी हरियाल उंबराच्या, वडाच्या फळांवर जगतो. जागा छोटी असेल तर लिंबू आणि कढीपत्ता पुरे. आपलं राज्य फुलपाखरू राणी पाकोळीसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. रोपं जंगलातून उपटून आणू नका, देशी झाडांच्या रोपवाटिका आता आहेत. नावं अडली तर श्रीकांत इंगळहळीकरांचं ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ जवळ ठेवा.

छाटणी करायची ती नोव्हेंबर ते जानेवारीत. मार्च ते सप्टेंबर बहुतेकांच्या विणीचा काळ असतो, तेव्हा कात्री कपाटात. पाचोळा झाडाच्या बुडाशीच राहू दे. डोक्यावर पडणार नसेल तर एक वाळकी फांदी ठेवा, तांबटासाठी. एखाद्या झाडावर बांडगूळ असेल तर एकावर राहू दे, फुलटोच्याचं सगळं आयुष्य त्याच्यावर चालतं. व्हरांड्यातली जळमटं काढा, पण झाडांवरची नको. मांजर असेल तर निदान पहाटे आणि विणीच्या दिवसांत घरात ठेवा. आणि रात्रभर झाडांवर सोडलेले ते हिरवे-जांभळे दिवे, ते बंद करा हो! झाडाला आणि झाडात झोपणाऱ्याला अंधार लागतो.

यातल्या निम्म्या गोष्टी ‘करायच्या’ नाहीत, न करण्याच्या आहेत. त्यांना पैसे लागत नाहीत. म्हणूनच बहुधा कुणी त्यांची जाहिरात करत नाही.

दोन वर्षं लागतील, कदाचित तीन. पहिल्या वर्षी बाग विस्कटलेली दिसेल, पानांना भोकं पडतील, घरचे कुरकुर करतील. पानाला भोक पडलं की चिडू नका. कुणीतरी जेवून गेलंय, आणि त्याला जेवणारं कुणीतरी येणार आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत एवढंच ठरवा, की आपल्या गुंठ्यांपैकी किती गुंठे मोकळे सोडायचे. आकडा इथे खाली लिहिलात तर मला आनंद होईल, आणि वाद घालायचा असेल तर घरी या. चहा मिळेल, लॉन मिळणार नाही. :)